अण्णांचं इस्क्रा



बडोद्याचे वाडे, ग्वाल्हेरचे गणपती, बेळगावच्या शाळा, सगळ्यांच्या आठवणी इथे मी आवडीने वाचत असते. लिहितेय मात्र आज पहिल्यांदाच, आणि तेही एका प्लास्टिकच्या विमानाबद्दल. हसू नका. गेले आठ महिने आमच्या हैदराबादच्या घरात दुसरा विषय नव्हता. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी आमच्याबद्दल थोडं. आम्ही मूळ नांदेडकडचे. आजोबा नोकरीसाठी हैदराबादेत आले तेव्हा नांदेड आणि हैदराबाद एकाच राज्यात होतं, त्यामुळे परगावी आलो असं त्यांना कधी वाटलंच नाही. पुढे १९५६ साली राज्याचे तुकडे झाले, मराठवाडा तिकडे गेला आणि आम्ही काचीगुड्यात होतो तिथेच राहिलो. घरात मराठी, गल्लीत दख्खनी, शाळेत विवेक वर्धिनीचं मराठी आणि बाजारात तेलुगू. गटातल्या हैदराबादवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

माझे वडील, म्हणजे अण्णा, १९६२ साली वायुदलात भरती झाले. चीनच्या युद्धाचे दिवस होते, वय एकोणीस. तांबरमला ट्रेनिंग झालं आणि ते एअरफ्रेम फिटर झाले. पायलट नव्हे हं. लहानपणी शाळेत "तुझे बाबा विमान चालवतात का गं?" असं कोणी विचारलं की मला लाजल्यासारखं व्हायचं. अण्णांना एकदा ते कळलं. म्हणाले, "चालवणारा तासाभराने खाली उतरतो. ते परत नीट वर जाईल की नाही हे आम्ही बघतो." बस्स, एवढंच.

बऱ्याच बदल्या झाल्यावर १९७६ मध्ये त्यांना सिकंदराबादेजवळचं हकीमपेट मिळालं. आई आणि आम्ही दोघं भावंडं शाळेसाठी काचीगुड्यात आजोबांकडे, अण्णा आठवडाभर बॅरेकमध्ये, शनिवारी संध्याकाळी घरी. हकीमपेटला लढाऊ वैमानिक होऊ पाहणारे कॅडेट शिकायचे. पूर्वी तिथे व्हॅम्पायर होती, नंतर आपल्या एचएएलचं किरण आलं आणि त्याच सुमारास पोलंडहून इस्क्रा आलं. इस्क्रा म्हणजे पोलिश भाषेत ठिणगी. तादेउश सोल्तिक नावाच्या अभियंत्याने ते बनवलं, त्याच्याच नावाची आद्याक्षरं घेऊन पूर्ण नाव टीएस-११. पहिलं उड्डाण फेब्रुवारी १९६० चं. भारताने १९७५ च्या सुमारास अशी पन्नास विमानं घेतली, नंतर आणखी काही. पोलंडबाहेर ते विकत घेणारा देश आपणच एकटे. २००४ च्या अखेरीस ती आपल्याकडे निवृत्त झाली.

दिसायला इस्क्रा जरा मजेशीर. इंजिन पोटात, त्याचं नळकांडं पोटाखालीच संपतं आणि शेपूट वरच्या बाजूने बारीक होत मागे जातं. अण्णा म्हणायचे, बेडकाच्या पिल्लासारखं, पुढे पोट मागे शेपटी. पण म्हणताना आवाजात माया असायची. वीस वर्षं नोकरी करून १९८२ मध्ये सार्जंट म्हणून ते बाहेर पडले, मग बसच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली. पण "माझं विमान" म्हटलं की ते इस्क्राच.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

तीन वर्षांपूर्वी अण्णांची दृष्टी जायला लागली. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होतो तो आजार. कडेकडेचं दिसतं, ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच दिसत नाही. माणसाचा चेहरा बघायला गेलं तर चेहऱ्याच्या जागी डाग आणि भोवती कान, खांदे, भिंत. इंजेक्शनं झाली, आजार वाढायचा थांबला, गेलेलं परत आलं नाही. पेपर वाचणं बंद, बँकेत सही जुळेना म्हणून अंगठा. अंगठा दिला त्या दिवसापासून अण्णा खोलीतून बाहेर यायचेच कमी झाले. आई असती तर तिने ओरडून उठवलं असतं. ती जाऊन सहा वर्षं झाली. मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आहे, घरीच असते. रेडिओ लावून द्यायचे, पेपर वाचून दाखवायचे. ते ऐकायचे, पण मान भिंतीकडे. एकदा म्हणाले, "आता माझ्या हाताला कामच नाही." डोळ्यांबद्दल नाही बोलले, हाताबद्दल बोलले. तेव्हा मला त्याचा अर्थ नीट लागला नव्हता.

माझा मुलगा पोलंडमध्ये नोकरीला आहे. तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याला एक खोका दिसला, वर इस्क्राचं चित्र. आजोबांचं विमान! उचललंच त्याने. गेल्या डिसेंबरात आला तेव्हा अण्णांच्या मांडीवर ठेवलं. अण्णांनी खोका हलवून बघितला, आतले तुकडे खुळखुळले. "हे तर सगळं मोडलंय," म्हणाले. मुलगा म्हणाला, "मोडलं नाही आजोबा, जोडायचंय. एकास बहात्तरचं आहे." म्हणजे खऱ्यातले सहा फूट इथे एक इंच. अकरा मीटरचं विमान साडेपंधरा सेंटिमीटरचं होतं. अण्णा म्हणाले, "मला काय दिसणार आहे त्यात," आणि खोका परत दिला.

मुलगा गेल्यावर मीच तो उघडला. मंडळी, ज्यांनी कधी अशी किट केली असतील त्यांना माहीत असेल, चांगल्या किटचे भाग एकमेकांत टिचकन बसतात. हे तसं नव्हतं. साचा फार जुना आणि झिजलेला असणार. प्लास्टिकच्या चौकटीला भाग चिकटलेले, आणि प्रत्येक भागाच्या कडेला पापडासारखा पातळ पापुद्रा आलेला, कुठे भाग संपतो आणि कुठे पापुद्रा सुरू होतो ते कळेना. जिथे प्लास्टिक जाड आहे तिथे ते थंड होताना आत ओढलं जाऊन खळगे पडलेले. पंखांवर साच्याच्या खिळ्यांचे गोल ठसे. धडाचे डावा-उजवा असे दोन भाग असतात, ते समोरासमोर धरले तर एक शेपटीकडे जवळजवळ एक मिलिमीटर लांब. पंख धडाला लावून बघितला तर नखभर फट, आणि वरून पायरी. कॉकपिटची काच इतकी जाड आणि धुरकट की दुधाच्या बाटलीचा तळ वाटावा. सूचना सगळ्या पोलिशमध्ये. मुलाने फोनवरून वाचून दाखवल्या, पण त्याही चारच ओळी होत्या.

मला मात्र चेव चढला. इतकी वर्षं पोरांकडून कागदाचे लगदे, मातीचे गणपती करून घेतले, हे का नाही जमणार? गोंद न लावता आधी सगळे भाग नुसते जुळवून बघायचे, हा पहिला नियम. त्यात तीन दिवस गेले. पापुद्रे ब्लेडने खरवडले. लांब भागाची कड काचेवर सॅंडपेपर ठेवून त्यावर घासली, चारपाच फेरे मारायचे, पुन्हा जुळवायचं, पुन्हा घासायचं. फटी भरायला पुट्टी लागते. मुलाने एक युक्ती सांगितली ती फार कामाची निघाली. चौकटीचेच उरलेले तुकडे छोट्या काचेच्या बाटलीत घालायचे, त्यावर रंगाच्या दुकानात मिळतो तो एनसी थिनर ओतायचा आणि रात्रभर ठेवायचं. मधासारखं घट्ट होतं. ते फटीत भरलं की सुकल्यावर त्याच प्लास्टिकचा भाग होऊन जातं, वेगळी पुट्टी पुढेमागे उकलते तसं होत नाही. वास उग्र असतो, बाल्कनीतच करायचं, आणि सुकायला निदान दोन दिवस द्यायचे.

पण खरी अडचण रंगाची होती. अण्णांची विमानं चांदीच्या रंगाची. आणि चांदीचा रंग म्हणजे चहाडखोर शेजारीण. हिरव्या-मातकट रंगाखाली दहा चुका लपतात, चांदीखाली एक ओरखडासुद्धा लपत नाही. पंखाचा जोड मी भरला, घासला, डोळ्यांना सपाट दिसत होता. भिंग लावून बघितला, सपाट. प्रायमरचा हलका फवारा मारला तर एक रेघ उठून दिसली. परत घासला, परत फवारा, रेघ आहेच, पण नेमकी कुठे उंच आणि कुठे खोल ते कळेना. दुपारभर डोळे ताणून बसले होते. तेव्हा अण्णांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "अण्णा, जरा हात लावून सांगता का, हे कुठे वर आहे?"

खरंच सांगते, त्यांना बरं वाटावं म्हणून नव्हतं विचारलं. मला उत्तर हवं होतं.

त्यांनी विमान डाव्या हातात घेतलं. उजव्या हाताचं मधलं बोट जोडावरून मागून पुढे फिरवलं, एकदाच, अगदी हलकं. मग अंगठ्याचं नख आडवं ओढलं. "पंख वर आहे. इथून इथपर्यंत. पुढे दोन बोटांवर खड्डा आहे, तिथे तू जास्त घासलंयस, भर घालावी लागेल." मी पेन्सिलीने खुणा केल्या. त्यांनी सांगितलं तसं केलं. परत फवारा मारला. रेघ गेली.

मी म्हटलं, "गेली अण्णा!" ते म्हणाले, "जाणारच. उजवा पंख आण."

मग त्यांनी सांगितलं की विमानाची कातडी डोळ्याने बघून कळत नाही. उन्हात चमकते, डोळा फसतो. सैल झालेला रिव्हेट, पत्र्याला आलेला बाक, बिजागरीतला किंचितसा खेळ, हे हातालाच लागतं. नवीन पोरं आली की सीनियर त्यांना डोळे मिटून पंखावरून हात फिरवायला लावायचे. "आपलं सगळं आयुष्य चाचपण्यातच गेलं," म्हणाले आणि स्वतःच हसले. कितीतरी महिन्यांनी हसले होते.

त्या दिवसापासून रोज चारचा चहा झाला की जेवणाच्या टेबलावर आमचं हँगर सुरू व्हायचं. मी कापायचे, चिकटवायचे, भरायचे, ते तपासायचे. आणि तपासणी म्हणजे तपासणी हं. माझ्या वयाचा, निवृत्त बाई असल्याचा काही मुलाहिजा नाही. "हे काय, हातगाडीचं चाक आहे का? परत कर." चाकांचे दोन अर्धे भाग नीट जुळत नव्हते, ती मी चार वेळा केली. शेपटीचा बारीक भाग तर त्यांनी सात वेळा परत पाठवला.

त्यांचा आणखी एक नियम टेबलावर आला. वायुदलात काम संपलं की हत्यारं मोजायची. प्रत्येक पान्याची पाटीवर जागा ठरलेली, एक जरी जागा रिकामी दिसली तरी विमान सोडायचं नाही, कारण तो पाना विमानाच्या आत राहिलेला असू शकतो. मग आमचीही रोज मोजणी. दोन ब्लेड, चिमटा, तीन कानशी, कात्री, सुई. एका संध्याकाळी चिमटा सापडेना. टेबलाखाली, फुलांच्या परडीत, कचऱ्याच्या डब्यात, सगळीकडे शोधलं. जेवण थांबलं. साडेनऊला तो अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात निघाला. "चार्जशीट लाव माझ्यावर," म्हणाले. दोघंही पोट धरून हसलो.

काम करताना बोलणं निघायचं. जे पन्नास वर्षांत कधी सांगितलं नव्हतं ते. पहाटे धावपट्टीवर सगळ्यांनी एका ओळीत चालत खडे, खिळे, तारेचे तुकडे वेचायचे, कारण इंजिन एक खडा गिळलं तरी संपलं. इस्क्राची हवा आत घ्यायची तोंडं पंखांच्या मुळाशी असतात, त्यात टॉर्च मारून, हात घालून बघायचं. एकदा त्यातून चिमणीचं अख्खं घरटं निघालं. केरोसीनचा वास आंघोळ करूनही जात नसे, म्हणून शनिवारी घरी आल्यावर आजी आधी त्यांचे कपडे बाहेर वाळत घालायची. आणि फॉर्म ७००. प्रत्येक विमानाची ही वही असते. काय तपासलं, काय दुरुस्त केलं ते लिहून फिटर सही करतो, मग पायलट ती वाचून सही करतो आणि मगच विमानात चढतो. अण्णा म्हणाले, "समोर वीस-एकवीस वर्षांचं पोरगं उभं असायचं. एखाद्याला मिसरूडसुद्धा फुटलेलं नाही. ते माझी सही बघायचं आणि शिडी चढायचं. मला एक शब्द विचारायचं नाही. त्याला माझं नावही माहीत नसायचं." थोडा वेळ गप्प बसले. "जिथे हात लागला नाही तिथे सही केली नाही कधी."

अंगठा देण्याचं त्यांना इतकं का लागलं असेल, ते मला त्या संध्याकाळी कळलं.

मार्चमध्ये पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. मी त्याला फोटो पाठवत होते, फटी, खळगे, खुणांनी भरलेले पंख. तो म्हणाला, "ताई, कशाला त्या भंगारात जीव घालवतेस? मी बघितलंय, इस्क्राचं नवीन किट निघालंय, एकदम मस्त, सगळे भाग टिचकन बसतात. मागवून देतो, आठ दिवसांत होईल." बरोबरच होतं त्याचं, प्रेमानेच म्हणत होता. फोन स्पीकरवर होता. अण्णा शेपटी चाचपत होते. ते म्हणाले, "चांगलं असेल रे. पण त्यात मी काय करू?"

भाऊ काही बोलला नाही. मीही नाही. फोन ठेवल्यावर अण्णांनी विचारलं, "नाकात वजन घातलंस का?"

कारण हे विमान तीन चाकांवर उभं राहतं, एक नाकाखाली, दोन पंखांखाली. खऱ्या विमानात नाकाकडे यंत्रं असतात, बॅटऱ्या असतात. प्लास्टिकचं पोकळ, त्यात मागची शेपटी जड, मग ते शेपटीवर बसतं. किटच्या सूचनेत वजनाचा उल्लेखच नव्हता. अण्णांनी धड बंद करण्यापूर्वी ते मोठ्या चाकांच्या जागी दोन बोटांवर तोलून बघितलं आणि सांगितलं, अजून घाल. माशाच्या गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या मी बेगम बाजारातून आणल्या होत्या. एकेक गोळी घालायची, तोलायचं. पाचव्या गोळीला नाक खाली झुकलं. "एक जास्तीची घाल," म्हणाले, "रंगाचं वजन मागेच जास्त येणार."

काच त्यांनी स्वतःकडे घेतली. जाडी काही कमी होणार नव्हती, पण धुरकटपणा जाऊ शकत होता. मी आधी अगदी बारीक, दोन हजार नंबरचा सॅंडपेपर पाण्यात भिजवून घासली, मग त्यांनी मऊ सुती कापडावर टूथपेस्ट घेऊन घासायला सुरुवात केली. चार दिवस, रोज रेडिओ ऐकत. दिवाळीला पितळेची समई घासावी तशी. मधूनमधून विचारायचे, "आता आत काय दिसतंय?" पहिल्या दिवशी मी म्हटलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी, खुर्च्या असाव्यात असं वाटतंय. चौथ्या दिवशी, पुढची आणि मागची खुर्ची वेगवेगळी दिसतेय. मागे मास्तर, पुढे पोरगं. "बस्स," म्हणाले, "पोरगं दिसलं म्हणजे झालं."

चिन्हांची वेगळीच गंमत. किटमध्ये पोलंडची लाल-पांढऱ्या चौकडीची चिन्हं होती, तीही पिवळी पडलेली. आपल्याला हवा होता तिरंगी गोल, बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. इथे माझी चित्रकला उपयोगी पडली. कोरा डेकल पेपर मागवला, त्यावर तिन्ही रंग वेगवेगळे लावले, आणि चामड्याला भोकं पाडायच्या पंचाने तीन मापांच्या चकत्या पाडून एकावर एक बसवल्या. विमानाचा क्रमांक अण्णांनी डोक्यातून सांगितला. मी म्हटलं, "नक्की?" ते म्हणाले, "तुझी जन्मतारीख एक वेळ विसरेन." जुन्या ट्रंकेत त्यांची खिशातली डायरी सापडली, तीत बघितलं. क्रमांक बरोबर होता.

जुलैच्या शेवटी चांदीचा शेवटचा फवारा मारला. दोन दिवस सुकू दिलं आणि त्यांच्या हातात दिलं. नाकापासून सुरुवात करून त्यांनी सगळं विमान वाचलं, दुसरा शब्द मला सुचत नाही. पोटाखाली, नळकांड्याच्या मागे, त्यांचं बोट थांबलं. "इथे पायरी आहे." होती. केसाएवढी. मी म्हटलं, "अण्णा, ती काढायची तर सगळा रंग उतरवावा लागेल. खालची बाजू आहे, कोणाला दिसणार नाही." ते म्हणाले, "दिसणार नाही हे खरं. पण आहे ना? मग लिही."

मला आधी समजलं नाही. मग त्यांनी मला एक वही आणायला लावली आणि तोंडी सांगून मजकूर लिहवून घेतला. तारीख. विमानाचा क्रमांक. धडाचे जोड तपासले. पंख तपासले. नाकात वजन, सहा गोळ्या. काच साफ. पोटाखाली जोडात किरकोळ पायरी, उड्डाणाला बाधा नाही. मग म्हणाले, "पेन दे. आणि माझं बोट रेघेवर ठेव."

त्यांनी सही केली. अक्षर रेघेच्या खाली घसरत गेलं, आडनाव अर्धं दुसऱ्या पानावर गेलं. तीन वर्षांतली ती पहिली सही. मला काही बोलवेना. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, ते माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "हत्यारं मोज."

आता इस्क्रा आमच्या दिवाणखान्यात आईच्या फोटोखालच्या कपाटावर उभं आहे, तीन चाकांवर, नाक सरळ. शेजारी वही. जवळून बघाल तर डावा पंख उजव्यापेक्षा किंचित जाड आहे आणि काच अजूनही जाडच आहे. कुठल्याही प्रदर्शनात ते बक्षीस मिळवणार नाही. अण्णांचे डोळे होते तसेच आहेत, पेपर मीच वाचून दाखवते. पण चार वाजले की ते आपणहून टेबलावर येऊन बसतात. मागच्या आठवड्यात शेजारच्या तेलुगू कुटुंबातला मुलगा चाक निखळलेली खेळण्यातली जीप घेऊन आला होता. अण्णांनी आधी ती चाचपली, मग त्याला विचारलं, "हत्यारं किती आहेत आपल्याकडे, मोजलीस?" तो पोरगा आता रोज मोजतो, तेलुगूत.

पुढचं काय, असं मुलाने विचारलं. अण्णांना व्हॅम्पायर हवंय. त्याच्या धडाचा पुढचा भाग लाकडाचा असायचा म्हणे, जेट विमान असूनसुद्धा. अट एकच घातली आहे. किट जुनं आण, नीट न बसणारं.

मंडळी, आता तुम्हाला एक विनंती. आपल्या या गावांतून कितीतरी घरांमधली माणसं वायुदलात होती. बेळगावचं सांबरा, बडोद्याचं मकरपुरा, ग्वाल्हेरचं महाराजपुरा, आमचं हकीमपेट आणि बेगमपेट. पायलटांबद्दल लिहिलं जातं, लिहायलाच हवं. पण फिटर, इलेक्ट्रिशियन, स्टोअरवाले, स्वयंपाकी यांच्या गोष्टी घरातल्या ट्रंकेतच राहतात. तुमच्या घरी असं कोणी असेल, वडील, काका, सासरे, तर इथे दोन ओळी तरी लिहा. कुठे होते, कोणत्या विमानावर होते, शनिवारी घरी यायचे का. प्रत्येक कॉमेंट मी अण्णांना वाचून दाखवणार आहे. त्यांनी आत्ताच विचारलंय, "हकीमपेटचं कोणी सापडलं का गं?"